मुक्ताकार प्रकाशिकी : अभिकल्प, निर्मिती आणि मापन यांचा परस्परसंबंध

सारांश

ज्या प्रकाशीय पृष्ठाला सममितीचा अक्ष नसतो, त्यास मुक्ताकार पृष्ठ असे म्हणतात. चष्म्याची प्रगामी भिंगे, रस्त्यावरील एलईडी दिवे, मोटारगाडीतील दर्शक पडदे, अवकाश-दुर्बिणी आणि संगणकीय चिप तयार करणारी यंत्रे अशा परस्परभिन्न क्षेत्रांत अशा पृष्ठांचा वापर होऊ लागला आहे. गोल सोडून अन्य आकार का हवा, तो गणिताने कसा ठरवितात, काचेत वा धातूत कसा उतरवितात आणि तो उतरला की नाही हे कसे तपासतात, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुक्ताकार प्रकाशिकीची खरी मर्यादा कल्पनेत वा संगणकाच्या शक्तीत नसून मापनात आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : मुक्ताकार पृष्ठ, विपथन, अबिंदुकता, व्यतिकरणमापक, हिरकणी-कर्तन, ताण-घर्षण पद्धती.

१. प्रस्तावना

भिंग म्हटले की मसुरीच्या दाण्यासारखी, दोन्ही बाजूंनी फुगीर अशी आकृती डोळ्यांपुढे येते. 'लेन्स' हा शब्दही मसुरीच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. या आकृतीच्या दोन्ही बाजू गोलाचे भाग असतात. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतील भिंगाचे सूत्र दोन वक्रता-त्रिज्यांवर बेतलेले असते, ते याच कारणाने. परंतु सर्व प्रकाशकिरणांना एका बिंदूत आणण्यासाठी गोल हा योग्य आकार नव्हे, ही गोष्ट फार पूर्वीपासून ज्ञात आहे. रने देकार्त याने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशिकीविषयक निबंधात अपास्त वक्रावर आधारलेले भिंग सुचविले होते. तत्पूर्वी काही वर्षे तो झां फेरिये या कारागिराशी असे भिंग घासण्याच्या यंत्राविषयी पत्रव्यवहार करीत होता. ते भिंग समाधानकारकपणे तयार होऊ शकले नाही. सिद्धांत होता, कारागीर होता. मात्र तो आकार काचेत उतरविण्याचे व तपासण्याचे साधन नव्हते.

पुढील तीन शतके प्रकाशिकीवर गोलाचेच राज्य राहिले. त्यामागे परंपराप्रियता नव्हती, तर एक भूमितीय कारण होते. ते समजून घेतल्याशिवाय मुक्ताकार पृष्ठांचे महत्त्व आणि त्यांची दुष्करता या दोन्ही गोष्टी नीट कळत नाहीत.

२. गोलाची सहजता

काचेच्या दोन तबकड्या मध्ये अपघर्षक चूर्ण घालून एकमेकींवर सर्व दिशांनी अनियमितपणे घासल्या, तर कालांतराने एक तबकडी अंतर्वक्र आणि दुसरी बहिर्वक्र होते, आणि दोन्ही पृष्ठे गोलाचे भाग बनतात. एकमेकांवर कोणत्याही दिशेने सरकविले वा फिरविले तरी सर्वत्र चिकटून राहतील अशी पृष्ठे म्हणजे केवळ गोल आणि सपाट पृष्ठे होत. अन्य कोणत्याही आकारात जरासे सरकताच कुठे तरी उंचवटा लागतो, आणि तेथेच घर्षण अधिक होऊन तो उंचवटा झिजतो. म्हणजे घासण्याची क्रियाच चूक दुरुस्त करीत जाते. साध्या साधनांनी काम करणाऱ्या कारागिरालाही तरंगलांबीच्या अंशाइतके अचूक पृष्ठ मिळते, ते या आपोआप होणाऱ्या दुरुस्तीमुळे.

गोलाचा दुसरा लाभ मापनाचा आहे. एकाच प्रमाण-गोलाशी तुलना करून कितीही भिंगे तपासता येतात. तिसरा लाभ जोडणीचा आहे. गोलीय भिंग स्वतःच्या अक्षाभोवती कितीही फिरविले तरी परिणाम तोच राहतो.

अगोलीय पृष्ठात यांपैकी पहिले दोन लाभ जातात, पण अक्षीय सममिती शिल्लक असल्याने तिसरा टिकतो. मुक्ताकार पृष्ठात तिन्ही लाभ सोडून द्यावे लागतात. एवढी किंमत मोजण्याची गरज का भासली, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

३. सममिती सोडण्याची आवश्यकता

३.१ कलता आरसा : आरशांच्या दुर्बिणीत दुसरा आरसा पहिल्याच्या वाटेत आला तर काही प्रकाश अडतो. तो अडू नये म्हणून आरसे कलते ठेवावे लागतात. परंतु अंतर्वक्र गोलीय आरशावर प्रकाश तिरका पडला की त्याची केंद्रे दोन होतात. नाभीय अंतर १०० मिलिमीटर असलेल्या आरशावर किरण २० अंशांच्या कोनाने आले, तर आपाती प्रतलातील किरण सुमारे ९४ मिलिमीटरवर आणि त्यास लंब प्रतलातील किरण सुमारे १०६ मिलिमीटरवर एकत्र येतात. या दोषास अबिंदुकता म्हणतात. नेत्रतज्ज्ञ ज्याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात तोच हा दोष. अक्षीय सममिती असलेला कोणताही आकार तो दूर करू शकत नाही, कारण दोष दोन दिशांना असमान आहे आणि उपाय मात्र सर्व दिशांना समान आहे. दोन दिशांना भिन्न वक्रता दिली तर मध्यबिंदूपुरता दोष जातो. संपूर्ण दृश्यक्षेत्रात प्रतिमा सुस्पष्ट हवी असेल, तर पृष्ठाचा आकार बिंदूगणिक बदलावा लागतो.

३.२ चाळिशीचा चष्मा : वय वाढते तसे डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे वाचण्यास वेगळा चष्मा लागतो. बर्नार मेतनाझ यांनी विकसित केलेले 'व्हेरिलक्स' हे प्रगामी भिंग १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आले. त्यात वरून खाली भिंगाची शक्ती क्रमाने वाढत जाते, त्यामुळे दूरचे, मधले व जवळचे अंतर एकाच भिंगातून दिसते. मात्र या सोयीला भूमितीने एक अट घातली आहे. १९६३ मध्ये मिंकविट्झ यांनी सिद्ध केले की, मधल्या रेषेवर शक्ती ज्या दराने वाढते, त्याच्या दुप्पट दराने त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अबिंदुकता वाढते. १६ मिलिमीटरच्या पट्ट्यात शक्ती २ डायॉप्टरने वाढविली, तर हा दर मिलिमीटरला ०.१२५ डायॉप्टर येतो, आणि रेषेपासून ४ मिलिमीटर बाजूला सरकताच सुमारे १ डायॉप्टर अबिंदुकता निर्माण होते. नव्याने असा चष्मा लावणाऱ्याला कडेने पाहताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात, त्याचे मूळ येथे आहे. कुशल अभिकल्पक हा दोष कोठे सारायचा आणि किती पसरवायचा एवढेच ठरवू शकतो. तो नाहीसा करणे त्याच्या हाती नाही. मुक्ताकार पृष्ठाचे स्वातंत्र्य निरंकुश नसते, हे या उदाहरणावरून दिसते.

३.३ रस्त्यावरील दिवा : येथे प्रतिमा तयार करावयाची नसते, प्रकाशाची वाटणी करावयाची असते. दिव्याच्या थेट खाली आणि दूरवर रस्ता सारखाच उजळावा अशी अपेक्षा असते. दूरच्या जागेपर्यंतचे अंतर अधिक आणि तेथे प्रकाश पडतो तोही तिरका. त्यामुळे उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दिशेला सरळ खालच्या दिशेच्या ८ पट तीव्रता पाठवावी लागते. एलईडी मात्र स्वभावतः त्या दिशेला निम्मीच तीव्रता देते. म्हणजे भिंगाला या गुणोत्तरात १६ पट बदल घडवून आणावा लागतो. शिवाय रस्ता लांबट असल्याने हा बदल रस्त्याच्या दिशेला एक आणि आडव्या दिशेला दुसरा असावा लागतो. एलईडीवर बसविलेली शेंगदाण्यासारखी दिसणारी पारदर्शक टोपी हे काम करते.

४. अल्वारेझ यांचे भिंग : आकाराला काम देणे

मुक्ताकार पृष्ठ हे केवळ दोष-निवारणाचे साधन नाही. ते सर्वस्वी नवे कार्यही करू शकते. याचे सर्वांत सुबोध उदाहरण लुईस अल्वारेझ यांनी दिले. १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाला १९६७ मध्ये एका बदलत्या शक्तीच्या भिंगाचे पेटंट मिळाले. त्यात दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या असतात. पहिल्या पट्टीची जाडी एका घन-बहुपदीनुसार बदलते : क्ष गुणिले य-वर्ग, अधिक क्ष-घनाचा एक-तृतीयांश. दुसऱ्या पट्टीत तीच जाडी उलट चिन्हाने येते. दोन्ही नेमक्या एकावर एक असताना एकूण जाडी सर्वत्र समान राहते आणि भिंगाची शक्ती शून्य असते. आता एक पट्टी क्ष-दिशेने थोडी उजवीकडे व दुसरी तितकीच डावीकडे सरकविली, तर दोन्ही जाड्यांच्या बेरजेत घन पदे परस्परांना छेदून जातात आणि क्ष-वर्ग अधिक य-वर्ग हे पद शिल्लक राहते. हे पद म्हणजे साध्या भिंगाचाच आकार होय. त्याचा गुणक सरकविलेल्या अंतराच्या समप्रमाणात असतो. काही मिलिमीटर सरकविण्याने भिंगाची शक्ती वाढते वा घटते; विरुद्ध दिशेने सरकविल्यास ती ऋण होते. दोन्ही पट्ट्यांपैकी एकीलाही सममितीचा अक्ष नाही, तरीही दोघींच्या संयोगातून सममित भिंग जन्मास येते. पदवी वर्गात बीजगणित व प्रकाशिकी एकत्र शिकविण्यास हे उदाहरण अत्यंत उपयुक्त आहे.

५. अभिकल्प

प्रतिमा देणाऱ्या यंत्रणेत पृष्ठाची उंची सामान्यतः एका मूळ गोलीय वा शांकव आकारात बहुपदींची भर घालून मांडतात. त्यासाठी फ्रिट्स झेर्निके यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या बहुपदींचा मोठा वापर होतो. या बहुपदींतील एकेक पद एकेका ओळखीच्या विपथनाशी निगडित असल्याने, कोणते पद वाढविल्यास कोणता दोष घटेल याचा अंदाज अभिकल्पकाला बांधता येतो. हा अंदाज महत्त्वाचा आहे. एका पृष्ठाला अनेक गुणक आणि यंत्रणेत तीन-चार पृष्ठे असली की संगणकापुढे इतक्या शक्यता उभ्या राहतात की आंधळ्या शोधातून बरे उत्तर मिळेल, पण ते बनविता येण्याजोगे असेलच असे नाही. कलत्या व सरकविलेल्या घटकांमुळे दृश्यक्षेत्रातील विपथने कशी बदलतात, याचा सिद्धांत रोलंड शॅक आणि केव्हिन थॉम्प्सन यांनी विकसित केला. त्याच्या आधारे आरशांची मांडणी प्रथम योग्य निवडून मगच मुक्ताकार पदे वाढविण्याची शिस्त रूढ झाली.

प्रकाश-वाटणीच्या समस्येत गणित निराळे आहे. स्रोताकडून येणारा प्रत्येक किरण लक्ष्यावर कोठे जावा हे ठरविल्यानंतर त्यास अनुरूप असे अखंड पृष्ठ शोधावे लागते. ही समस्या मोंज-अँपेअर प्रकारच्या अरेखीय आंशिक अवकल समीकरणाकडे नेते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या समीकरणाचा विचार शुद्ध भूमितीसाठी झाला, ते आज दिव्याच्या भिंगासाठी सोडविले जाते.

६. निर्मिती

६.१ बिंदूबिंदूने कापणे : ॲल्युमिनिअम, तांबे, जर्मेनिअम, ॲक्रिलिक अशा पदार्थांवर एका टोकाच्या हिऱ्याच्या हत्याराने अतिसूक्ष्म लेथवर थेट प्रकाशीय पृष्ठ कापता येते. साध्या लेथवर केवळ सममित आकार निघतो. मुक्ताकार पृष्ठासाठी कामाची वस्तू फिरत असताना, ती कोणत्या कोनात आहे त्यानुसार हत्यार प्रत्येक फेरीत पुढे-मागे हलवितात. पोलाद मात्र अशा रीतीने सहसा कापीत नाहीत, कारण लोहाशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे हिरा लवकर झिजतो. मोठ्या प्रमाणावर उत्पादन हवे असल्यास अशा रीतीने साचा घडवून प्लास्टिक वा काच त्यात दाबतात. पोलरॉइड कंपनीच्या १९७२ मधील एसएक्स-७० या घडीच्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकात सममितीचा अक्ष नसलेले, साच्यातून काढलेले प्लास्टिकचे घटक होते. सामान्य ग्राहकाच्या हाती पोहोचलेल्या मुक्ताकार प्रकाशिकीचे हे एक आरंभीचे ठळक उदाहरण होय.

६.२ मोजून घासणे : काचेच्या अचूक पृष्ठासाठी लहान हत्याराने ठरावीक ठिकाणी ठरावीक काळ घासतात. पृष्ठ मोजायचे, अपेक्षित आकाराशी असलेल्या तफावतीचा नकाशा काढायचा, कोठे किती वेळ हत्यार थांबवायचे याचा हिशेब करायचा, घासायचे आणि पुन्हा मोजायचे, असे हे चक्र चालते. चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणाऱ्या द्रवाचे अथवा निर्वातातील आयन-झोताचे 'हत्यार' यासाठी वापरतात. येथे गोलाची सहजता गमावल्याचा परिणाम जाणवतो. मोठे हत्यार उंचवटे आपोआप झिजविते. लहान हत्यार मात्र खळग्यातही शिरते. त्यामुळे पृष्ठावर स्वतःच्या वाटेच्या बारीक लाटा मागे राहतात. या लाटा एकूण आकारात दिसत नाहीत, पण प्रकाश विखुरतात आणि प्रतिमेचा कस कमी करतात.

६.३ ताणून घासणे : या अडचणीवर एक विलक्षण उपाय आहे, तो म्हणजे काचच वाकवून तिच्यावर गोल घासणे. बर्नहार्ड श्मिट या एका हाताने काम करणाऱ्या कारागिराने १९३० मध्ये जर्मनीतील बेर्गेडॉर्फ वेधशाळेत आपल्या दुर्बिणीची सुधार-पट्टी याच कल्पनेने घडविली. त्याने काच एका भांड्यावर ठेवून खालची हवा काही अंशी काढून घेतली, वाकलेल्या काचेवर सोपा आकार घासला आणि नंतर निर्वात सोडला. काच पूर्ववत होताच तिच्यावर हवा तो अवघड आकार उमटला. जेरी नेल्सन व जेकब लुब्लिनर यांनी हीच कल्पना स्थितिस्थापकतेच्या सिद्धांताच्या आधारे मोठ्या आरशांसाठी मांडली. हवाईतील केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ज्या ३६ षटकोनी खंडांचा बनला आहे, त्यांच्या घडणीत ती वापरली गेली. असा प्रत्येक खंड गणिताने एका मोठ्या सममित पृष्ठाचा तुकडा असला, तरी त्याच्या स्वतःच्या मध्यातून पाहता त्याला अक्ष नसतो. म्हणून निर्मितीच्या दृष्टीने तो मुक्ताकारच ठरतो.

नियोजित ३० मीटर दुर्बिणीच्या मुख्य आरशाच्या अभिकल्पात सुमारे १.४४ मीटरचे ४९२ खंड आहेत. त्यांचे आकार ८२ प्रकारचे आहेत. या प्रकल्पातील भारताच्या सहभागात बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या संस्था आहेत. खंड घासण्याची सुविधा ताराभौतिकी संस्थेच्या होसकोटे येथील परिसरात उभारण्यात आली आहे. दुर्बिणीच्या उभारणीचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला असला, तरी ताण-घर्षण पद्धतीचे तंत्र देशात आले, ही बाब स्वतंत्रपणे मोलाची आहे.

७. मापन

निर्मितीचे वरील चक्र मापनावर फिरते, आणि मापनच चुकले तर ते चक्र चुकीच्या आकाराकडे अधिकाधिक अचूकपणे जाते. हबल दुर्बिणीचा इतिहास याची साक्ष देतो. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीचा २.४ मीटरचा मुख्य आरसा अत्यंत गुळगुळीत होता, परंतु त्याची कड अपेक्षेपेक्षा सुमारे २ मायक्रोमीटर सपाट होती. ज्या उपकरणाच्या साहाय्याने त्याचा आकार तपासला गेला, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते. याहून कमी अचूक मानल्या गेलेल्या अन्य चाचण्यांत विसंगती दिसली होती. तथापि तो त्या चाचण्यांचाच दोष समजून दुर्लक्षिला गेला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची उपकरणे बसविली. त्यांपैकी एका उपकरणात नाण्यांएवढे छोटे आरसे होते, आणि त्यांतील काहींना दोन दिशांना भिन्न असा अगोलीय आकार दिलेला होता. सममित आरशाची चूक निस्तरण्यास सममिती नसलेले आरसे कामी आले.

हबलचा आरसा सममित होता. मुक्ताकार पृष्ठाचे मापन त्याहूनही कठीण असते. हेलिअम-निऑन लेसर वापरणाऱ्या व्यतिकरणमापकात आरशाच्या उंचीतील सुमारे ०.३१६ मायक्रोमीटरच्या फरकाला एक पट्टा दिसतो. पृष्ठ प्रमाण-गोलापासून १०० मायक्रोमीटर दूर असेल, तर तीनशेहून अधिक पट्टे पडतात, आणि उताराच्या भागात ते इतके दाटतात की कॅमेऱ्याला निरनिराळे दिसत नाहीत. म्हणून त्या विशिष्ट पृष्ठाला अनुरूप असा संगणकाने आखलेला होलोग्राम मध्ये ठेवतात. मात्र असा होलोग्राम प्रत्येक आकारासाठी नवा करावा लागतो आणि त्याची जागा चुकली तर हबलचीच पुनरावृत्ती होते. स्पर्श-शलाकेने बिंदूबिंदूने मोजणे, पृष्ठाचे तुकडे मोजून जोडणे, पडद्यावरील पट्ट्यांचे प्रतिबिंब पाहून उतार काढणे, हे अन्य मार्ग आहेत. हबलच्या अनुभवाचा बोध असा की, किमान दोन परस्परस्वतंत्र पद्धतींची उत्तरे जुळली पाहिजेत आणि न जुळल्यास कारण सापडेपर्यंत काम थांबले पाहिजे.

८. अनुज्ञेय त्रुटी आणि प्रसाराचा क्रम

मुक्ताकार पृष्ठे कोणत्या क्षेत्रात आधी आणि कोणत्या क्षेत्रात उशिरा रुजली, हे पाहिल्यास मापनाचे महत्त्व पुन्हा दिसून येते. चष्मा आणि दिवे यांत किंचित चूक खपते. दृश्य प्रकाशातील उत्तम प्रतिमेसाठी तरंगाची सरासरी वर्ग-मूळ त्रुटी तरंगलांबीच्या चौदाव्या भागाहून अधिक नसावी, असा निकष आहे. परावर्तनात त्रुटी दुप्पट होत असल्याने, एकाच आरशाच्या पृष्ठाला सुमारे २० नॅनोमीटरची मुभा उरते. चिप छापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिनील प्रकाशाची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर असते. तो प्रकाश काचेत शोषला जात असल्याने केवळ आरसेच चालतात. हाच निकष सहा आरशांच्या यंत्रणेस लावून त्रुटी सारखी वाटल्यास, प्रत्येक पृष्ठास सुमारे ०.२ नॅनोमीटर एवढीच मुभा मिळते. हे अंतर सिलिकॉनच्या एका अणूच्या व्यासाएवढे आहे. अशा पृष्ठांना मुक्ताकार रूप देणे शक्य झाले, ते त्या पातळीवर मोजणे शक्य झाले म्हणूनच.

९. निष्कर्ष

गोलाने कारागिराला तीन गोष्टी विनामूल्य दिल्या होत्या : स्वतःची दुरुस्ती करणारे घर्षण, सर्वांना सामाईक असा मापदंड आणि फिरविण्याचे स्वातंत्र्य. मुक्ताकार प्रकाशिकीत या तिन्ही गोष्टी अनुक्रमे संगणक-नियंत्रित निर्मिती, आकारागणिक स्वतंत्र मापन आणि खुणांच्या आधारे केलेली काटेकोर जोडणी यांनी विकत घ्याव्या लागतात. अभिकल्प, निर्मिती व मापन हे एकामागून एक येणारे टप्पे न राहता ते परस्परांच्या अटी ठरवितात. जे मोजता येणार नाही ते आखण्यात अर्थ नसतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट ध्वनित होते. या विषयातील समीकरणे गणित विभागाची, विपथने भौतिकशास्त्राची आणि लेथ अभियांत्रिकीचा आहे. मापन मात्र कोणत्याही एका विभागाचे नाही, आणि म्हणूनच ते प्रयोगवहीतील त्रुटी-गणनेच्या एका परिच्छेदापुरते उरण्याचा धोका असतो. देकार्त याला भिंगाचा आकार ठाऊक होता. हबलच्या कारागिरांपाशी उत्तम यंत्रे होती. दोन्ही ठिकाणी उणीव राहिली ती खात्री करून घेण्याच्या साधनात आणि वृत्तीत. ती उणीव भरून काढणारे शिक्षण आंतरविद्याशाखीय पातळीवरच देता येईल.